आवाजांच्या आधी हिशेब चुकायला लागले

सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराचा, धोका आहे असं कळलं की माणसं पहिल्यांदा आवाजांबद्दल विचारतात. कानात कुणी बोलतं का, काय बोलतं, बाहेरचं तर काही नाही ना. माझ्या बाबतीत आवाज म्हणजे एवढंच, की अधूनमधून मागून कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखं वाटायचं आणि वळून बघितलं तर कुणी नसायचं. काळजात धस्स व्हायचं, हे खरं. पण माझी नोकरी, घरातलं काम, चार माणसांत बसणं-उठणं त्या हाकेमुळं बिघडलं नाही. ते बिघडलं ऐकलेलं डोक्यात टिकेना म्हणून, आणि विचारांचा वेग मंदावला म्हणून. त्याबद्दल मला ना घरात कुणी विचारलं, ना सुरुवातीच्या डॉक्टरांनी. म्हणून लिहिते आहे.

मी सोलापूरची, तेविशीतली. बी.कॉम. झाल्यावर चाटी गल्लीच्या बाजूला टॉवेल-चादरीच्या एका होलसेल दुकानात बिलिंगला लागले. बाबा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर आहेत, त्यामुळं टॉवेलचं माप, वजन, पोत लहानपणापासून कानावर पडलेलं. फोनवर ऑर्डर यायची ती अशी: “ताई, तीस-साठ, चारशे ग्रॅमवाले, दहा डझन, निम्मे मरून, बाकी पांढरे, नॅपकिन वेगळे बांधा, ट्रान्सपोर्ट मागचंच.” फोन खांद्यात धरून मी एका हातानं हे लिहायची आणि दुसऱ्या हातानं टॅलीत पार्टीचं नाव उघडायची. कधी परत विचारावं लागलं नाही.

मग हळूहळू ते जमेना. ‘दहा डझन’ लिहीपर्यंत रंग निघून गेलेला असायचा. रंग परत विचारला की नॅपकिनचं काय ते राहायचं. समोरचा व्यापारी दोनदा सांगायचा, तिसऱ्यांदा वैतागायचा. गंमत अशी की जुनं सगळं जागच्या जागी होतं. बिलावर टाकायचा टॉवेलचा जीएसटीचा एचएसएन कोड ६३०२, कुठल्या पार्टीला किती दिवसांची उधारी, कुणाचं ट्रान्सपोर्ट कुठलं, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आता, या क्षणी कानावर पडलेलं मात्र टिकत नव्हतं. जुन्या मागावर ताण्याचा एखादा धागा तुटला तरी माग चालूच राहतो, कापड पुढं सरकत राहतं आणि त्यात एक रेघ पडत जाते. माझा दिवस तसा जायचा. संध्याकाळी हिशेब जुळवायला बसलं की त्या रेघा दिसायच्या.

घरात तेच. आई सांगायची, “येताना मेथी आण, दही आण आणि अक्कांचा डबा देऊन ये.” अक्का म्हणजे शेजारच्या, तेलुगू आहेत. मी दही घेऊन यायची, डबा माझ्याच पिशवीत. पूर्वी एका चुलीवर भाजी आणि दुसरीवर भाकरी असं सहज व्हायचं. आता भाकरीकडं बघितलं की भाजी लागलेली. आई म्हणायची, “लक्ष कुठं असतंय गं तुझं? काय करायलीस काय?” आधी मोबाईलवर खापर फुटलं. मग कुणा मुलाचं प्रकरण आहे का म्हणून आईनं माझ्या मैत्रिणीला गाठून विचारलं. मी रात्री पडल्या पडल्या दिवसभरात काय काय राहिलं ते आठवायचा प्रयत्न करायची आणि झोप उडायची. झोप उडाली की दुसरा दिवस आणखी वाईट.

मैत्रिणींचं सांगायलाच हवं, कारण तिथं मला जास्त लागलं. आमचा ग्रुप म्हणजे अस्सल सोलापुरी. एकीचं वाक्य मराठीत सुरू होतं, तेलुगूत वळतं आणि कानडीत संपतं. मला तिन्ही कळतात. पण पार्क चौकात भेळ खात पाचजणी बोलायला लागल्या की मी मागं पडायला लागले. एकीचं बोलणं समजून घेईपर्यंत तिसरीचं निम्मं झालेलं असायचं. विनोद कळायचा, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. मी उशिरा हसायची, मग त्या माझ्याकडं बघायच्या. मी जाणं कमी केलं. घरी सगळ्यांना वाटलं पोरगी एकलकोंडी झाली, तिला माणसं नकोशी झालीत. मला माणसं हवी होती. त्यांच्या वेगानं चालता येत नव्हतं, एवढंच.

आणि याच्यातूनच पुढची गोष्ट सुरू झाली. बोलण्यातला जो तुकडा निसटायचा तो डोकं स्वतःच भरायला लागलं. त्या हसल्या, मधलं वाक्य मला ऐकू आलं नाही, म्हणजे माझ्यावरच हसल्या असणार. दुकानात मालक कुणाशी तरी हळू बोलले, शेवटचे दोन शब्द कळले, म्हणजे मला काढायचं ठरतंय. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत तर कहर झाला. पाळण्यांचे भोंगे, फेरीवाले, गर्दी, आणि त्या सगळ्यातून माझं नाव. एकदा नाही, परत परत. माझ्या डोळ्यांदेखत अनोळखी माणसं एकमेकांना खुणा करताहेत असं वाटलं. मी मैत्रिणीचा हात सोडून सरळ रिक्षा पकडली आणि घरी आले. घरी पोचेपर्यंत मलाच वाटायला लागलं, असं कसं असेल? एवढ्या लोकांना माझं नाव कुठून ठाऊक?

त्या रात्री मी बाबांना सगळं सांगितलं, कारण आमच्या घरात या गोष्टीला एक इतिहास आहे. माझे धाकटे काका स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे सायकोसिसच्याच एका दीर्घ आजाराचे, रुग्ण आहेत. त्यांना बरीच वर्षं या देवाला, त्या बाबाला असं फिरवलं गेलं आणि औषध सुरू व्हायला फार उशीर झाला. आत्यानं ऐकलं तसं कपाळाला हात लावला, “हिच्यातपण ते आलंय,” आणि ओळखीतल्या एका ठिकाणचं नाव सुचवलं. बाबा आवाज चढवणारे नाहीत. त्या दिवशी म्हणाले, “भावाला फिरवलं ते बास झालं. पोरीला फिरवणार नाही.”

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडं गेलो त्यांनी टेन्शन घेऊ नका म्हणून शक्तीची गोळी दिली. ते सोडून देते. नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडं गेलो, तिथून खरी प्रक्रिया सुरू झाली.

मला वाटलं होतं दहा मिनिटांत चिठ्ठी मिळेल. डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइड आणि बी-१२ दोन्ही, कारण यातलं काही कमीजास्त असलं तरी विसराळूपणा आणि मंदपणा येतो. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळं बी-१२चं त्यांना विशेष वाटलं. ते थोडं कमी निघालं, गोळ्या लागल्या, पण एवढ्यानं सगळं उलगडत नाही असं त्या म्हणाल्या. झोपेबद्दल खोदून विचारलं. गांजाबद्दल विचारलं तेव्हा बाबा बाजूला बसलेले, मला कानकोंडं झालं. पण तो प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, कारण गांजानं सायकोसिसचा धोका वाढतो हे नक्की झालेलं आहे. मग बाबांना बाहेर बसवून मुलाखत झाली. लोक माझ्याबद्दल बोलतात असं वाटतं का, माझे विचार दुसऱ्याला कळतात असं वाटतं का, टीव्हीतून किंवा बोर्डावरून माझ्यासाठीच काही खूण येते का. प्रत्येक ‘हो’नंतर एकच पाठपुरावा: वाटतं त्या क्षणी किती खरं वाटतं, आणि नंतर?

मी गड्ड्यातलं सांगितलं, रिक्षात आलेली शंकाही सांगितली. डॉक्टर म्हणाल्या, “ही शंका फार मोलाची आहे. ती तुमच्याजवळ आहे तोवर आपण याला सायकोसिस म्हणत नाही. वास्तवाचं भान सुटलेलं नाही, सैल झालंय.” या अवस्थेतल्या तरुण मुलांकडं वेगळं लक्ष द्यायची पद्धत १९९०च्या दशकात मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅकगोरी, अ‍ॅलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या अमेरिकन निदानग्रंथात ही अवस्था ‘अजून अभ्यास हवा’ या भागात आहे, पक्क्या निदानांच्या यादीत नाही. म्हणून माझ्या कागदावर आजाराचं नाव नाही, ‘उच्च जोखीम’ आहे. काकांचं असणं आणि गेल्या वर्षभरात माझं काम घसरणं, हे दोन्ही त्या जोखमीत धरलं गेलं.

बाबांनी आत आल्या आल्या विचारलं, “म्हणजे हिचं धाकट्यासारखं होणार का?” डॉक्टरांनी गोल उत्तर दिलं नाही. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र बघितले तर अशा चार-पाच जणांमागं साधारण एकाला पुढच्या दोन-तीन वर्षांत सायकोसिस होतो. बाकीच्यांना होत नाही. बाबांनी सुस्कारा सोडला. पण डॉक्टर पुढं बोलल्या ते माझ्यासाठी होतं: ज्यांना होत नाही त्यांच्यातल्याही अनेकांचं शिक्षण, नोकरी, मैत्री अडखळतच राहते, आणि त्यात लक्ष, स्मरण, वेग यांचा मोठा वाटा असतो. आवाज कमी झाले म्हणून ते आपोआप सुधारेल असं धरता येत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी.

ती तपासणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमनी घेतली. छोटी खोली, टेबल, स्टॉपवॉच. चाचण्यांचा संच बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २००४ साली काढलेला, आपल्याकडच्या लोकांवर बेतलेला. तुमच्या वयाच्या, तुमच्याएवढं शिकलेल्या बायकांशी तुमची तुलना होते. एका कागदावर गुलाबी आणि पिवळी वर्तुळं, त्यात आकडे. एक गुलाबी, दोन पिवळा, तीन गुलाबी, असं रंग बदलत पेन्सिल न उचलता जोडत जायचं. आधी नुसते आकडे जोडताना ठीक गेलं. रंग बदलायचा म्हटल्यावर माझी पेन्सिल सातवर अडकली. आठ समोर दिसतोय, तो पिवळा हवा की गुलाबी हे मागं वळून बघावं लागतंय, बघेपर्यंत आठ कुठं होता तेच हरवतंय. मॅडम काही बोलल्या नाहीत. स्टॉपवॉचचा आवाज मला ऐकू येत होता असं वाटलं, पण ते तर आवाज न करणारं होतं. तसं मी लगेच सांगितलंही. त्यांनी नोंद केली आणि म्हणाल्या, “सावकाश.”

मग पंधरा शब्दांची यादी. त्या वाचणार, मी आठवतील तेवढे सांगणार; तीच यादी पाच वेळा. पहिल्या खेपेला माझी तर दांडीच उडाली. पण दर खेपेला दोन-दोन शब्द वाढत गेले आणि शेवटी बरीचशी यादी तोंडात बसली. थोड्या वेळानं, मधे दुसरी कामं झाल्यावर, न वाचता परत विचारलं, तर जे बसले होते ते बहुतेक निघाले. आकडे उलटे सांगायच्या चाचणीत घाम फुटला. चित्र बघून नंतर आठवणीतून काढायचं होतं ते छान जमलं, मापातल्या नक्षीची सवय असल्यामुळं असेल.

निकाल सांगताना बाबांनी घाबरत विचारलं, “डोकं कमी आहे का हो हिचं?” मॅडमनी कागद त्यांच्याकडं फिरवला. बुद्धी, भाषा, चित्रांची आठवण व्यवस्थित. वेग कमी. एकाच वेळी दोन गोष्टी डोक्यात धरून त्यांच्यावर काम करणं कमी. कानांनी ऐकलेलं पहिल्या फटक्यात आत जाणं कमी. पण एकदा आत गेलं की राहतं. हे शेवटचं वाक्य मी त्यांना परत म्हणायला लावलं. वर्षभर मला वाटत होतं की माझ्या डोक्याला भोक पडलंय. तसं नव्हतं. दार अरुंद झालं होतं.

त्यांनी एक गोष्ट निक्षून सांगितली. जोखमीच्या अवस्थेतल्या लोकांचा गट म्हणून बघितला तर त्यांचे गुण निरोगी माणसं आणि सायकोसिसचा पहिला झटका येऊन गेलेले, यांच्या मधे कुठंतरी पडतात. पण एकट्या माणसाच्या गुणांवरून त्याला पुढं काय होईल हे सांगता येत नाही. या कागदावरून भविष्य बघायचं नाही, उद्याचं काम कसं करायचं ते बघायचं. कामधंदा आणि माणसांतला वावर यांना त्यांनी वेगवेगळे गुण दिले. बार्बरा कॉर्नब्लाट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेल्या अशा दोन मोजपट्ट्या आहेत, त्यात लक्षणं मोजायची नसतात, तुम्ही प्रत्यक्षात काय करता तेवढंच. माझे दोन्ही आकडे गेल्या वर्षापेक्षा खाली होते.

सायकोसिस टाळण्यासाठी म्हणून लगेच औषध दिलं नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१४ची मार्गदर्शक सूचनाही तेच सांगते: या अवस्थेत अँटिसायकोटिक, म्हणजे सायकोसिसवरच्या, गोळ्या धोका कमी करायला म्हणून देऊ नयेत, बोलून करायची थेरपी द्यावी. आत्याला हे पटलं नाही, “गोळी नाही मग उपचार कसला?” पण डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की खात्री वाढायला लागली, शंका येईनाशी झाली, झोप पूर्ण गेली, तर त्याच दिवशी यायचं, तेव्हा गोळीचा विचार करू. ती खूण आईलाही ठाऊक आहे.

दुकानात सांगायचं की नाही यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माझ्या तब्येतीची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क मला आहे, डॉक्टरही माझ्या संमतीशिवाय मालकांना काही सांगू शकत नाहीत. मॅडमचं म्हणणं, निदान सांगायची गरज नाही, अडचण सांगा आणि उपायही सोबत न्या. मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. मी म्हटलं, “अण्णा, माझी तब्येत जरा बरी नाही, उपचार चालू आहेत. फोनवर ऐकलेलं एका दमात लिहायला मला त्रास होतोय. पार्ट्यांना ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला सांगू का?” अण्णा क्षणभर बघत राहिले. “टाक की,” म्हणाले, “लेखी असलं तर भांडणंपण होत नाहीत.”

जे फोनच करतात, त्यांच्यासाठी मी वही आखली. पार्टी, माप, वजन, डझन, रंग, नॅपकिन, ट्रान्सपोर्ट, असे रकाने. आता व्यापारी बोलतो त्या क्रमानं मी लिहीत नाही, माझ्या रकान्यांच्या क्रमानं विचारते. “माप सांगा. किती डझन? रंग?” एकेक. शेवटी पूर्ण वाचून दाखवते. सुरुवातीला लोकांना हे सरकारी वाटलं, आता तेच म्हणतात, “वाचून दाखवा ताई.” बिल करताना फोन घेत नाही, फोनवर असताना बिल उघडत नाही. भाकरी होईपर्यंत भाजी चुलीवर चढत नाही. आई एका वेळी एकच काम सांगते आणि मी ते तिच्यासमोर परत म्हणते. आईला हे फार अवघड गेलं. तिला वाटायचं लेकीशी असं परक्यासारखं काय बोलायचं. पण मेथी घरी यायला लागली.

कॉम्प्युटरवरचे लक्षाचे आणि स्मरणाचे सरावही मॅडमनी दिले. त्यांच्या मते नुसता सराव केला तर माणूस त्या खेळातच हुशार होतो. सरावात सापडलेली युक्ती रोजच्या कामात लावून बघितली तर फायदा. म्हणून दर भेटीत पहिला प्रश्न असायचा, दुकानात काय वापरलंस? सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं चालणं आणि ठरलेल्या वेळी झोपणं हे पण उपचारातच धरलंय. मे महिन्यात सोलापुरात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात, झोपेचं वेळापत्रक तेव्हा कोलमडलं आणि त्याच आठवड्यांत हाका वाढल्या. झोपेची आणि हाकांची नोंद एका वेगळ्या वहीत शेजारी शेजारी असायची म्हणून हे कळलं.

थेरपीत मला सगळ्यांत कामाला आलं ते निसटलेल्या तुकड्यांचं. मैत्रिणी हसल्या आणि मधलं वाक्य गेलं, तर डोकं ते भरायच्या आत विचारायचं: “थांबा गं, मधलं निसटलं, काय म्हणालीस?” सोपं वाटतं, पण संशय मनात असताना हा प्रश्न तोंडातून निघता निघत नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा एकीनं पूर्ण किस्सा परत सांगितला. तो तिच्या सासूबद्दल होता.

काही महिन्यांनी चाचण्या परत झाल्या. शब्दांची यादी सुधारली, झोप सुधारल्याचा आणि यादी गटागटानं लक्षात ठेवायच्या युक्तीचा तो परिणाम. वेग जवळजवळ तिथंच आहे. रंगीत वर्तुळांत मी अजून अडकते. मॅडम म्हणाल्या, वेगाच्या बाबतीत सध्या दिवसाची आखणी वेगाला धरून करायची. हाका कमी झाल्यात, गेलेल्या नाहीत.

जे वाचताहेत आणि घरात असं कुणी आहे, त्यांना एवढंच सांगते की डॉक्टरांकडं जाताना आवाज, संशय यांच्याबरोबर रोजच्या कामातलं काय काय सुटतंय त्याची यादी लिहून न्या, कारण खोलीत गेल्यावर ते आठवत नाही. आणि जवळ कुणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २०२२पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

सध्या घरात विषय वेगळा आहे. बार्शीकडचं एक स्थळ आलंय. आई म्हणते पक्कं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, आत्या म्हणते कधीच उघडायचं नाही. बाबा गप्प आहेत. काकांच्या लग्नाचं काय झालं ते त्यांनी बघितलंय. मी मॅडमबरोबर बसून मुलाला काय सांगायचं ते लिहून काढलं: काय होतं, काय होत नाही, काय केलं की बरं चालतं, आणि कुठली खूण दिसली तर डॉक्टर गाठायचा. दोन पानं झाली. बाबांनी ती वाचली, काकांबद्दलची ओळ राहिली होती ती त्यांनी स्वतःच्या अक्षरात खाली घातली, आणि आईला सांगितलं की मुलगा बघायला आला की आधी हिला त्याच्याशी बोलू दे.